सडपातळ उंदीर

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, पण जेवायच्या सुट्टीत हाक मात्र कोणी मारत नसे. उंदरांची बाई, अंगाला वास येत असणार! तिने ते कधी मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण दाखवलं नाही.

तिचं काम चरबीवरचं. चरबी वाढायची तर तिला रक्त हवं आणि रक्त पोचवायला नव्या, बारीक रक्तवाहिन्या हव्यात. त्याच फुटू दिल्या नाहीत, तर चरबी वाढेल कशी? सरांनी तसं औषध काढलं होतं, आणि औषधाचे उंदीर खरोखर सडपातळ राहिले. सर हवेत होते. ताई तर त्यांच्याहून खूश, कारण हे काम संपलं की ती कायमची आईकडे परतणार होती. सामानाची बांधाबांधही झाली होती.

चरबीचे काप तेवढे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे उरले. तिने डोळा लावला, काढला आणि पुन्हा लावला. रक्तवाहिन्या कमी कसल्या, चांगलं दाट जाळं होतं! पेशीही बारक्या, थंडीत ऊब देण्यासाठी जळणाऱ्या चरबीच्या असतात तशा.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. औषधाचे उंदीर एकमेकांना चावायचे, म्हणून तिनेच दया येऊन प्रत्येकाला वेगळा पिंजरा दिला होता. औषध न दिलेले बाकीचे एकमेकांच्या अंगावर पडून झोपत. माणसाला बरी वाटणारी ती खोली उंदरांना गारच. हे बिचारे एकेकटे कुडकुडत आपलीच चरबी जाळत बसले होते.

काप दुसरं कोणी बघणार नव्हतं. ती बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली. मग उठून सरांकडे गेली.

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, हे आत्ता सांगताय?"

"आत्ताच कळलं, सर."

"म्हणजे सगळं पहिल्यापासून."

"हो."

संध्याकाळी तिने फोन लावला. "आई, माझं येणं लांबलं गं."

"आता काय झालं?"

"उंदीर औषधाने बारीक झालेच नव्हते. एकटे होते, म्हणून झाले."



"आणि तू गं? तू किती बारीक झालीस?"

तिने फोन तोंडापासून लांब धरला. रडणं आईला ऐकू जायला नको होतं.