तोंडपाठ साक्ष

गायकाची साक्ष अकरा मिनिटांची होती. आधी गिटारवर पहिलं कडवं, मग साक्ष, मग दुसरं कडवं. तोवर समोरच्या निम्म्या मंडळीचे डोळे ओले झालेले असत आणि उरलेली निम्मी रुमाल शोधत असे. बायकोच्या छातीतली गाठ प्रार्थनेनं कशी नाहीशी झाली, याची ती साक्ष. आपल्या देशात त्यानं ती किती ठिकाणी दिली याची गणतीच नव्हती. आता परदेशातल्या एका मोठ्या ख्रिस्ती मंडळीनं त्याला तीन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं होतं. रोज नवं गाव, नवं सभागृह, संध्याकाळी एक सभा. दारावरच्या फलकावर त्याचा हसरा फोटो आणि खाली तिथल्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की विश्वास म्हणजे प्रवास. प्रवास मात्र त्याला बिचाऱ्याला मानवत नसे. तासभर बसलं की त्याला गाडी लागायची आणि तो खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घेई.

साक्षीत खोटं असं काही नव्हतं. गाठ होती आणि नंतर ती दिसेनाशी झाली. मधे एक शस्त्रक्रिया होती, सहा महिन्यांची औषधं होती, बायकोचे गेलेले केस होते. ते सगळं तो दीड वाक्यात उरकायचा. ऐकणाऱ्यांना त्यात रस नसतो, हे त्याला अनुभवानं कळलेलं होतं. वर्षभरानं बायको पुन्हा तपासणीला निघाली, तेव्हा ती चपला घालून दारात उभी होती. गायक गिटारचे सूर लावत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "देवानं केलेलं काम आता आपण तपासून घ्यायचं का?" बायकोनं चपला काढून ठेवल्या. ते वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्याच आठवड्यात त्यानं ते साक्षीत घातलं. सगळ्यात जास्त टाळ्या त्याच वाक्याला पडत.

या दौऱ्यात त्याचं बोलणं तिथल्या लोकांना समजावून सांगायला एक मराठी दुभाषीण होती. वीस वर्षांपूर्वी लग्न करून ती या देशात आलेली. वाक्य त्यानं बोलायचं, थांबायचं, मग तिनं बोलायचं. चौथ्या सभेपर्यंत तिला साक्ष तोंडपाठ झाली. पाचव्या सभेला ती त्याच्याही पुढे धावू लागली आणि त्यानं विनोद करायच्या आतच लोक हसू लागले. एकदा मधेच त्याला खोकला आला, तर तेवढ्या वेळात तिनं दोन वाक्यं उरकून टाकली. तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला दादा. तिचा नवरा मूळचा तिथलाच, एकेकाळी पिळदार अंगाचा असावा असा मोठ्या हाडांचा माणूस. मराठीतलं त्याला फक्त "चला" एवढंच येत असे. सभेपर्यंत गाडी तोच चालवायचा. गायकाच्या बायकोला झाला होता तोच आजार याच्या पोटात होता आणि दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलची तारीख असायची. दुसऱ्या सभेला तो उठून पुढे आला, गुडघ्यांवर बसला. गायकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तेव्हा तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला होता.

नवव्या दिवशी सकाळी मोठ्या मेव्हणीचा फोन आला.

"बसलायत का?" तिनं विचारलं.

"उभा आहे. शर्टाला इस्त्री करतोय."

"मग ती आधी बंद करा."

त्यानं इस्त्री बंद केली.

"गाठ परत आलीये. काखेत आहे आणि लिव्हरपर्यंत पोचलीये. आता फारसं हातात नाही म्हणाले. डॉक्टरांनी मलाच झापलं, इतके दिवस कुठे होतात म्हणून."

"तिला कधी कळलं?"

"चार महिने झाले. अंघोळ करताना हाताला लागली म्हणे. घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. मी विचारलं, का गं असं केलंस? तर म्हणते, ह्यांची साक्ष खोटी पडली असती."

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली आणि बायकोनं फोन घेतला.

"अहो, ताईनं उगाच सांगितलं. तुमच्या सभा होऊ द्या."

"मी निघतोय. मिळेल त्या विमानानं."

"या. पण तिथं कुणाला बोलू नका, एवढं ऐका माझं. इतकी माणसं येतात तुमचं ऐकायला. माझ्यापायी तुम्हाला मान खाली घालावी लागायला नको." मग ती म्हणाली, "नाश्ता केलात का?"

फोन ठेवल्यावर तो पलंगाच्या कडेला बसला आणि प्रार्थना करू लागला. म्हणजे करायला गेला. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी मागताना त्याला शब्द कधी कमी पडले नव्हते. आता 'हे प्रभू' एवढ्यापुढे गाडी सरकेना. आपण आजवर देवाशी बोलत होतो की ऐकणाऱ्यांशी, असा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याचं उत्तर त्याला माहीत होतं. खोलीत कुणीच नाही, कधीच नव्हतं, अशी भीती त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटली. बायकोला आपण मारलं, हे मात्र भीती म्हणून नाही, तर साधी माहिती म्हणून त्याच्या मनात येऊन बसलं.

विमान परवा सकाळचं मिळत होतं. म्हणजे संध्याकाळची सभा होतीच. दुपारी गाडीत बसल्यावर दुभाषीण पुढच्या सीटवरून मागे वळली. तिचा चेहरा नुसता फुललेला होता.

"दादा, एक आनंदाची बातमी द्यायचीये. ह्यांची उद्याची तारीख आम्ही सोडली. हॉस्पिटलला तसं कळवलंसुद्धा. हे म्हणाले, पुन्हा त्या सुया नकोत, मी बरा झालोय."

नवऱ्यानं आरशातून मागे बघत अंगठा वर केला आणि म्हणाला, "चला."

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. ती मराठी माणूस, हा मराठी माणूस, मधे हातभर अंतर. पण ज्याला दोन हजार लोकांसमोर घाम फुटत नाही, त्याला एका बाईच्या डोळ्यांत बघून चार वाक्यं बोलता येईनात. मंचाशिवाय खरं कसं बोलतात, हे तो विसरून गेला होता. सभेतच सांगू, त्यानं ठरवलं. सगळ्यांसमोर सांगू, म्हणजे हा माणूसही ऐकेल, उद्या सकाळी जाईल हॉस्पिटलला. बायकोचा शब्द मोडेल, तर मोडू दे. तिच्यासाठी आता काही करता येणार नव्हतं, पण हा माणूस वाचू शकत होता. एवढंच त्याच्या हातात उरलं होतं आणि तेवढंच धरून तो सभागृहात शिरला.

नवरा तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसला. गायकानं पहिलं कडवं म्हटलं. सूर बरोबर लागले. सवयीनं लागले. मग तो माईकजवळ सरकला.

"आज सकाळी घरून फोन आला," तो म्हणाला. "माझ्या बायकोचा आजार परत आलाय."

दुभाषिणीनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे ओठ उघडे राहिले. मग तिनं लोकांकडे तोंड केलं आणि बोलू लागली. तिला जड जातंय, हे त्याला दिसत होतं. पण आता थांबलो तर संपलं, असं वाटून तो बोलत राहिला.

"ती तपासणीला निघाली होती. मी तिला जाऊ दिलं नाही."

ती बोलली.

"देवानं मला तसं सांगितलं नव्हतं. ते माझं वाक्य होतं. टाळ्यांसाठीचं."

ती बोलली. आवाज आता सरळ झाला होता.

"ती मरणार आहे, आणि ते माझ्यामुळे. म्हणून हात जोडून सांगतो, औषधं सोडू नका. ज्यांनी तारखा सोडल्या असतील, त्यांनी उद्या सकाळी जा. मी चुकलो."

ती बोलली, आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. लोक हसत होते, डोळे पुसत होते. तिसऱ्या रांगेतला माणूस हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होता.

गायकाला या टाळ्या चांगल्या ओळखीच्या होत्या. त्यानं माईक हातानं झाकला.

"ताई, काय सांगितलंत?"

"रोजचं," ती म्हणाली. ती लोकांकडे बघून हसतच होती.

"निदान त्यांना तरी खरं सांगा. हॉस्पिटलची तारीख पुन्हा मागून घ्या, ताई."

"दादा, किती महिन्यांनी ते दोन घास नीट जेवायला लागलेत. मुलीच्या लग्नाचं बोलायला लागलेत."

"माझी बायको मरतेय."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "दुसरं कडवं घ्या. लोक थांबलेत."

त्यानं गिटार खाली ठेवली आणि पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेशी गेला. त्या देशाची भाषा त्याला येत नव्हती. नवऱ्याचे दोन्ही खांदे धरून तो म्हणाला, "डॉक्टर. उद्या. डॉक्टर." माणूस हसला. नको नको, अशी मान हलवली, आणि त्यानं गायकाला छातीशी घट्ट धरलं. कोटाच्या आत नुसती हाडं होती. मंचावरून दुभाषीण माईकमध्ये काहीतरी म्हणाली, आणि आसपासची माणसं हळूहळू जवळ येऊन त्या दोघांवर हात ठेवून प्रार्थना करू लागली. इतक्या हातांखाली गायकाला मान वर करता येईना. "ऐका," तो म्हणत राहिला, "ऐका हो कुणीतरी," आणि ते सगळे त्याला आमेन म्हणत होते.