कमळाच्या खोकल्यावरचा इलाज

कमळाला खोकला लागला तो दिवाळीच्या सुमारास. धान कापून झाले, मळून झाले, कोठीत गेले, तरी खोकला आपला होता तिथेच. तिच्या नवऱ्याला, वारलूला, आधी त्यात विशेष काही वाटले नाही. बायको खोकते, कुत्रा भुंकतो, घर म्हटले की हे चालायचेच. पण पुढे शेजारची रंजीता कुडापलीकडून रोज विचारू लागली, "वारलू भाऊ, बाई जित्ती हाये ना?" तेव्हा मात्र त्याला लाज वाटली आणि त्याने इलाज मनावर घेतला.

अडुळशाचा काढा केला. आल्याच्या रसात जंगलातला मध कालवून दिला. पहिल्या धारेची दारू छातीला चोळावी, असे एका सोयऱ्याने सांगितले, तीही आणली. अर्धी चोळली, अर्धी स्वतः घेतली. कारण झोप त्याचीही मोडत होती. मधाने कमळाच्या घशाला बरे वाटायचे. मग ती चुलीपुढे बसायची आणि पुन्हा सुरू.

शेवटी आशाताई स्वाती दोघांना धानोऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकले आणि श्वासनळ्यांना सूज आहे म्हणून सांगितले. कोमट पाणी पीत राहा, वाफ घ्या, आराम करा. ताप चढला, दम लागला किंवा थुंकीत रक्त दिसले तर तडक या. आणि घरातला धूर बंद करा.

"सुई नाई?" वारलूने विचारले. "सलाईन?"

"गरज नाही."

इतक्या लांब येऊन सलाईन नाही, हा वारलूला अपमानच वाटला. "पण धूर कोणता म्हणता बाई?"

"चुलीचा. आणि तुमच्या बिडीचा."

"खोकला इचा, बिडी माही. संबंध काय?"

"राहता एकाच घरात ना?"

वारलूने परतीच्या वाटेवर एसटीत बसून यावर पुष्कळ विचार केला. जंगल संपले, गाव आले, तसा खाली उतरून त्याने आधी बिडी पेटवली.

पुढच्या बाजाराला तो एकटाच गेला. परत आला तर चुलीमागच्या भिंतीला भगदाड. खाली मातीचा ढीग आणि ढिगावर हातात लोखंडी सब्बल घेऊन खोकत बसलेली कमळा.

"हे काय करून राह्यली व? माह्या बापानं बांधली होती थे भिंत!"

"मंग त्याईले खिडकी ठेवाले काय झालं होतं?"

"बाईनं तुले आराम सांगतला ना?"

"हे झालं का मंग करतो आराम."

रात्री वारलू जेवून उठला. भगदाड सकाळी लिंपून टाकायचे म्हणून त्याने चिखल भिजवून ठेवला.

सकाळी जाग आली तेव्हा कमळाने चूल पेटवली होती. धूर भगदाडातून मुकाट बाहेर जात होता. वारलूने पडल्या पडल्या पाहिले. आढे दिसले, उतरंड दिसली. मग कमळाचे तोंड दिसले. चुलीपाशी बसलेल्या बायकोचे तोंड कैक वर्षांत त्याने इतके साफ पाहिले नव्हते. गाल पार बसले होते. इतकी कधी वाळली, हे त्याला आठवेना.

तो उठला. भिजवलेला चिखल त्याने कोंबड्यांच्या खुराड्याला लावून टाकला. मग बांबू फाडून भगदाडाला जाळी विणली आणि बिडी घेऊन कुडाबाहेर जाऊन बसला. बाहेर थंडी मरणाची होती. उठून बाहेर जायचा कंटाळा यायचा, म्हणून बिड्या आपोआप कमी झाल्या. यात कुणाच्या सांगण्याचा काही संबंध नाही, हे त्याने आशाताईला दोनदा बजावले.

कमळाचा खोकला एकदम गेला नाही. सकाळचा राहिला, मग कधीमधीचा, मग होळीला रंजीतानेच म्हटले की शेजार सुना वाटतो.

मोहफुले पडू लागली तशी दोघे टोपल्या घेऊन निघाली. कमळा भराभर पुढे. चढावर वारलू मागे पडला आणि झाडाला टेकून उभा राहिला. ती थांबली.

"दम लागला का?"

"नाई. मोह पाहून राह्यलो."

"फुलं खाली पडली हायेत," कमळा म्हणाली. "तुमी वर पाहून राह्यले."

ती वेचायला बसली. वारलू आणखी थोडा वेळ वर पाहत राहिला.