मशीनरूममधली प्रार्थना

सिनेमावाले ख्रिस्ती सिनेमाच्या विरुद्ध आहेत, हे वाक्य दादाच्या तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटलेत. कुठूनही नकार आला की हेच. महोत्सवानं नाही म्हटलं, विरुद्ध आहेत. टीव्हीवाल्यांनी फोन उचलला नाही, विरुद्ध आहेत. अरे बाबा, टीव्हीवाले माझाही फोन उचलत नाहीत! मी एडिटर आहे, इतकी वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे कापून जोडून देते, ही माणसं फक्त कंटाळ्याच्या विरुद्ध असतात हे मला चांगलं ठाऊक आहे. तसं त्याला सांगितलं, तर म्हणे तू चर्चला येत नाहीस म्हणून तुला कळत नाही. आता बोला.

आणि त्याच्या सिनेमाचा पहिला कट, म्हणजे त्यानं स्वतः जोडलेला, खरंच जीव घेणारा होता. दादा लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. कुणाची आत्या, कुणाचा मामा सुटता कामा नये, ही त्याची आयुष्यभराची शिस्त. तीच त्यानं सिनेमाला लावली. चर्चच्या मंडळीतल्या ज्यांनी ज्यांनी घर, खुर्च्या, गाडी, जेवणाचे डबे दिले, ते सगळे चर्चच्या प्रसंगात एकेक करून कॅमेऱ्यात बघत होते. वर पास्टरचं अख्खं प्रवचन. मी प्रवचन उडवलं तेव्हा दादानं अबोला धरला. चेहरे उडवले तेव्हा बोलला, पण जे बोलला ते चर्चला जाणाऱ्या माणसाला शोभणारं नव्हतं.

ते सगळं उपटून टाकल्यावर आत जे सापडलं ते मात्र चांगलं होतं. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस, त्याची बायको हॉस्पिटलात. तिच्यासमोर रडता येत नाही म्हणून तो हॉस्पिटलच्याच गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये जातो, ग्रीसनं माखलेल्या फरशीवर गुडघे टेकतो आणि हिला वाचव म्हणून प्रार्थना करतो. शेजारी मोटर घरघरत असते. बायको वाचत नाही. तो पुन्हा कामावर जातो. बस्स, एवढंच. वहिनी जाऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता, त्यामुळे हा माणूस कोण, हे घरात कुणी विचारलं नाही. दादानं स्वतः ती प्रार्थना वहिनीसाठी हॉस्पिटलच्या जिन्यात केली होती. आता हा एक सिनेमा लोकांनी बघावा, एवढंच त्याचं मागणं होतं. मग जन्मभर लग्नं शूट करीन, तक्रार करणार नाही, म्हणाला.

नवीन कट मी एका वितरण कंपनीला पाठवला आणि काय आश्चर्य, त्यांनी बोलावलं. काचेची केबिन, भिंतभर पोस्टर्स, कॉफी बरी होती. सिनेमे निवडणाऱ्या बाई आमच्यापेक्षा लहान होत्या, पण वागायला नीट. त्यांनी नटाचं कौतुक केलं, मोटरच्या आवाजाचं केलं, माझ्या एडिटिंगचं तर फारच केलं. दादा खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होता. मी टेबलाखालून त्याला कोपरानं ढोसलं, की बघ, कोण विरुद्ध आहे तुझ्या?

"मशीनरूमच्या सीनला आम्ही सगळेच रडलो," बाई म्हणाल्या. "फक्त ती प्रार्थना काढा. त्यानं तिथे नुसतं बसून राहावं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. ज्या सीनला रडलात तोच काढायचा? तर त्या शांतपणे समजावायला लागल्या. त्यांना स्वतःला काही अडचण नाही, पण प्रेक्षकांना चालत नाही. पडद्यावर कुणी प्रार्थना करायला लागलं की लोकांना वाटतं, आपल्याला काहीतरी विकतायत. मी विचारलं, तुमच्या मागच्या सिनेमात आरशातली बाई अर्धा वेळ शाप देत होती, ते कसं चाललं? म्हणे तो हॉरर होता. म्हणजे भुतानं शाप दिलेले चालतात, पण बायको मरायला टेकलेल्या माणसानं देवाशी बोललेलं चालत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धा राग त्या प्रवचनवाल्या सिनेमांचाही आला, कारण लोकांना असं बिचकवून ठेवलंय ते त्यांनीच. सोमवारपर्यंत कळवा, बाई म्हणाल्या. बघ, विरुद्ध आहेत, असं दादा रस्ताभर एकदाही म्हणाला नाही आणि त्याचा तो शहाणपणा मला जास्तच झोंबला.

मग तो पास्टरकडे गेला, मलाही ओढत नेलं. पास्टरनी मनावर घेतलं तर सगळ्या चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा लागेल, असा त्याचा हिशेब. चर्चच्या मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांवर बसून पास्टर आणि मंडळीतले चार वडीलधारे सिनेमा बघत होते. मशीनरूमच्या सीनला पास्टरनी चष्मा काढून डोळे पुसले, मी स्वतः पाहिलं. माझी आशा वाढली. दिवे लागल्यावर ते म्हणाले, प्रार्थना अप्रतिम आहे, तिला हात लावू नका. फक्त शेवटी ती बरी झाली पाहिजे. नाहीतर लोकांचा विश्वास डळमळेल. मी कपाळाला हात लावला. या पास्टरनीच वहिनीला पुरलं होतं हो!

रविवारी मी चर्चला गेले नाही, एडिटिंगला बसले. दादाला न सांगता प्रार्थना काढली. तो वर येतो, दार लोटतो, बसतो, मोटर थांबते, खालून नर्सची हाक येते. जोड कुठे दिसत नव्हता. सीन उलट जास्त सुबक झाला आणि तो सुबक झाला याचीच मला चीड आली. पण बघितला तर जाईल, असं स्वतःला समजावलं आणि दादाला बोलावून दाखवला.

त्यानं नीट बघितलं. मग म्हणाला, छान केलंयस, पण हा नको.

मी भडकले. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. म्हटलं, तुला लोकांना दाखवायचाय ना? मग थोडं इकडचं तिकडचं करावं लागतं. एक बाजू धर. त्या बाईंचं ऐक नाहीतर पास्टरचं ऐक, पण एकाचं तरी ऐक, नाहीतर हा सिनेमा माझ्या कपाटात पडून राहील.

"मी प्रार्थना केली," दादा म्हणाला, "आणि ती वाचली नाही. दोन्ही झालंय, चिमे. त्यांना पहिलं नकोय, ह्यांना दुसरं नकोय. मला दोन्ही घेऊन रोज घरी जावं लागतं."

मी तो कट पुसून टाकला. सोमवारी बाईंना फोन करून नकार कळवला. त्यांना खरंच वाईट वाटलं, आम्ही कुणाच्या विरुद्ध नाही हो, असं दोनदा म्हणाल्या. मला त्यांच्याशी भांडताही येईना. पास्टरना दादानं स्वतः कळवलं.

म्हणजे झालं, दोन्ही दारं बंद. दादानं एका लग्नाचं काम घेतलं. पण त्याआधी म्हणाला, वहिनीच्या आईला एकदा दाखवू. त्यांना आम्ही मावशी म्हणतो, त्या एकट्याच राहतात. त्यांना हे सगळं झेपेल का, या विचारानं मला धास्ती वाटत होती, पण दादानं ऐकलं नाही. दुपारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीला जोडून लावला. मावशी सोफ्यावर, दादा समोर जमिनीवर, मी रिमोट घेऊन दाराशी. मशीनरूमचा सीन संपला तशा त्या दादाकडे वळल्या.

"तू अशीच प्रार्थना केली होतीस?" त्यांनी विचारलं.

दादानं मान हलवली.

"मीपण केली होती रे," मावशी म्हणाल्या. "रोज. पण नंतर कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले असते, मग उपयोग काय झाला?"

दादा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. दोघंही टीव्हीकडे बघत नव्हते. मी सिनेमा थांबवला नाही, तो तसाच चालू ठेवला.