मला वळायला वेळ लागतो

हळू बोलतो, कारण मी घाबरट आहे. मी द्रवस्फटिक. दोन काचांच्या फटीत, केसाइतक्या जाडीत राहतो. पाण्यासारखा वाहू शकतो, पण माझे काडीसारखे लांबट कण स्फटिकातल्यासारखे एकाच दिशेला तोंड करून असतात.

मला बाईंनी तयार केलं. त्या या प्रयोगशाळेच्या प्रमुख. भरकटलेल्या लेसर किरणाने त्यांच्या उजव्या डोळ्यात मधोमध कायमचा काळा डाग पडलाय. डावा झाकला की समोरच्याचे कान दिसतात, नाक दिसत नाही. "कोणी नाक मुरडलं की मी डावा डोळा झाकते," असं त्या हसत सांगतात. पण दुसऱ्या कोणाचा डोळा जाऊ नये, हा त्यांचा ध्यास. त्यापायीच माझा जन्म.

प्रखर उजेड अंगावर आला की माझे कण वळतात. ते वळले की माझा अपवर्तनांक, म्हणजे उजेडाला वाकवायची ताकद, बदलतो. किरणाच्या मध्यावर उजेड जास्त, म्हणून बदलही तिथेच जास्त. मी क्षणभर भिंग होतो आणि किरण फाकतो. फाकलेल्या किरणात डोळा जाळण्याइतका जोर उरत नाही.

माझ्याआधीच्या नमुन्याच्या कणांची एकमेकांवरची पकड फार घट्ट होती. उजेडाने कितीही ढकललं तरी गडी ढिम्म! माझ्यासाठी बाईंनी सैल पकडीचं द्रव्य निवडलं, उजेडाचा धक्का वाढावा म्हणून त्यात किंचित रंग मिसळला. आता थोडक्या उजेडातही मी वळतो.

पण गारठ्यात मी मधासारखा चिकट होतो, वळायला वेळ लागतो. फार तापलो तर कणांची दिशाच हरवते आणि मी नुसतं साधं पाणी. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून माझ्याखाली मला बेताचं उबदार ठेवणारी विजेची तापपट्टी असते.

एका सकाळी सफाईसाठी काढलेला तापपट्टीचा प्लग परत लावायचा राहिला. खोली गारठलेली. यंत्रं सांभाळणारे काका किरण जुळवायला आले. त्यांनी संरक्षक चष्मा कपाळावर सरकवला.

"यातून किरणाचा ठिपका धड दिसत नाही हो, बाई."

"काका, चष्मा लावा आधी!" बाई पलीकडच्या टेबलावरून ओरडल्या.

"एकदाच बघतो. किरण मंद ठेवलाय."

किरण मंद नव्हता. आदल्या दिवशीचा प्रखरच राहिला होता. काकांनी माझ्यामागच्या, ठिपका बघायच्या नळीला डोळा लावला आणि खटका दाबला.

हिरवा उजेड अंगावर कोसळला. वळा, वळा, असं मी कणाकणाला विनवत होतो. ते वळत होते, पण झोपेतून उठवल्यासारखे. माझ्यापलीकडे एका माणसाची उघडी बाहुली होती.

काका मागे कोसळले. खुर्ची उलटली.

"काय दिसतंय? काका, बोला ना!" बाईंचा आवाज चिरकला.

"हिरवं... सगळं हिरवंच."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडी सूज आहे, उतरेल. थोडक्यात निभावलं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी मात्र हादरून गेलोय. मी आधी वळलो, की काकांची पापणी आधी मिटली? कोणालाच ठाऊक नाही. मलाही नाही.

काल चष्म्यांचा एक कारखानदार आला होता. मला हजारो चष्म्यांत घालायचं म्हणतो.

"डोळा वाचला ना, बाई? मग आणखी काय हवं?"

"वाचला," बाई म्हणाल्या. "कोणी वाचवला, ते मला माहीत नाही. उद्या याला बर्फात ठेवून तपासते. मग बोलू."

"आणि नापास झाला तर?"

बाईंनी वहीत उद्याच्या तपासणीची नोंद केली.

बर्फाची पेटी आता टेबलावर आणून ठेवली आहे. मला तिची भीती वाटते. पण वाचकहो, त्याहून मोठी भीती कौतुकाची वाटते. माझ्यावर विसंबून कोणीतरी उघड्या डोळ्यांनी किरणाकडे बघेल आणि मी अजून वळतच असेन. तेव्हा बाईंना एवढंच सांगा, मला नीट गारठवा, दहादा तपासा. मी उशीर केला तर खुशाल फोडून टाका. पण खात्री होईपर्यंत मला कोणाच्या डोळ्यापुढे उभं करू नका.