दोरा बांधलेला मासा

“मास्तर, हात धुवा आनि घ्या. आज तुमच्या हातानं पान्यात सोरायचा.”

मढच्या किनाऱ्यावर धाकू कोळ्यानं ओंजळीत धरलेला पाला मासा पुढं केला आणि विद्याधर प्रधान जागीच थिजला. माशाच्या पाठीत पिवळा दोरा होता, दोऱ्याला नंबरचा बिल्ला. तो त्यानंच ओवलेला.

मत्स्यखात्यात त्याचं काम एवढंच. खाडीत चढणारा पाला पाण्यातच अलगद धरायचा, बिल्ला बांधून सोडायचा. कोळ्यांच्या जाळ्यांतून किती बिल्ले परत येतात, त्यावरून पाला किती उरला ते वरचे साहेब काढणार. तीन वर्षांत सातशे बिल्ले पाण्यात गेले. परत एकही आला नाही.

“या महिन्यात एक तरी बिल्ला आणा,” साहेबांनी बजावलं होतं, “नाहीतर तुम्ही पुन्हा आवक-जावकच्या टेबलावर.”

त्या टेबलावर त्यानं अकरा वर्षं काढली होती. खिडकीसुद्धा नव्हती तिथं.

“असे... आधीही सापडले होते?” विद्याधरनं विचारलं.

“सापडतात ना! पन ठेवतंय कोन?” धाकूची बायको सुगंधा म्हणाली. “दोरा बांदलेला म्हंजे कुनीतरी हरबादेवीला नवस बोललेला मावरा. तो खाऊन कुनाला जगायचंय? लगेच पान्यात सोरतो.”

“पण बिल्ला माझ्याकडे द्या, असं मी सांगितलं होतं ना?”

“तुमी बोलता ते तुमच्या शर्टाच्या बटनाला तरी ऐकू जातं काय, मास्तर?”

भोवती जमलेल्या बायका खिदळल्या. मग धाकूच गंभीर झाला. “पूर्वी पाल्यानं टोपल्या भरायच्या. यंदा हा एकच गावला. तुमी शिकलेलं मानूस. तुमच्या हातानं गेला तर देवी बाकीच्यांना धाडंल.”

विद्याधरनं मासा हातात घेतला. मासा मरून ताठ झाला होता. कोळ्यांच्या जाळ्यात अडकलेला पाला घटकाभरही तग धरत नाही, हे त्यानं स्वतःच अहवालात लिहिलं होतं. म्हणजे या लोकांनी आजवर सोडलेला एकेक... पुढचा विचार त्यानं केला नाही.

एका हिसक्यात दोरा तुटला असता. त्यानं अंगठा दोऱ्याखाली घातलाही. मग वर पाहिलं. सुगंधानं पदर डोक्यावर घेतला होता, डोळे मिटले होते. मागं सगळ्या बायका हात जोडून उभ्या.

गुडघाभर पाण्यात शिरून त्यानं मासा सोडला.

“पोवला काय?” धाकूनं ओरडून विचारलं.

“हो,” विद्याधर म्हणाला.

पांढरं पोट वर करून पाला ओहोटीबरोबर वाहत चालला होता. काठावरून तो दिसू नये म्हणून विद्याधर दोन पावलं डावीकडे सरकला, आणि तसाच उभा राहिला.