मुखपृष्ठावरची छाया

मित्रांनो, माझ्या अंगावरची चकाकी पाहून फसू नका. मी जुना झालो आहे. एका मासिकाचा गेल्या जून महिन्यातला पर्यावरण विशेषांक मी. आता नाशिकजवळ मखमलाबादला, मळ्यातल्या एका घराच्या पडवीत पडून असतो.

माझा जन्म मुंबईच्या एका कचेरीत झाला. मुखपृष्ठासाठी संपादक निकिताबाईंनी छायाताईंचा फोटो निवडला. छायाताई म्हणजे एकेकाळच्या गाजलेल्या पॉपगायिका. कॅसेटच्या जमान्यात नाशिक जिल्ह्यातली वरात त्यांच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नसे. आता त्यांनी साठी ओलांडली होती आणि बरीच वर्षे त्यांना कुणी बोलावले नव्हते. म्हणून आंब्याचे रोप हातात धरून त्या मोठ्या हौसेने फोटोला उभ्या राहिल्या होत्या.

"मानेच्या सुरकुत्या काढ," निकिताबाई संगणकापुढे बसलेल्या ज्ञानेशला म्हणाल्या. "चेहराही साफ कर सगळा."

"मॅडम, मग त्या ओळखू येतील का?"

"लोकांना जुन्या छायाताई आठवतात. त्याच दाखवायच्या."

ज्ञानेश मान खाली घालून पुसत राहिला. वर मथळा आला, 'नैसर्गिक तेच सुंदर'. माझ्या पोटात 'जुनं टाकू नका, जपून वापरा' असा लेख होता आणि त्याला लागूनच वय लपवणाऱ्या क्रीमची जाहिरात. शेवटी मुखपृष्ठावर प्लास्टिकचा पातळ थर चढवला आणि क्रीमच्या पुडीसकट मला प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले. मला त्यात काही वावगे वाटले नाही. मी कोरा होतो, मिरवायची घाई होती.

मी नाशिकच्या द्वारका चौकात गोरक्ष नावाच्या पेपरवाल्याच्या स्टॉलवर लटकलो. एका दुपारी सुती साडीतल्या, पिकल्या केसांच्या एक बाई आल्या आणि त्यांनी मला मागितले.

"यांच्या गाण्यावर लय नाचलोय आम्ही," मला काढून देत गोरक्ष म्हणाला. "बघा ना, अजून तशीच हाय बाई. नाय तर आपण, मावशी."

"हो ना," बाई म्हणाल्या आणि मला पिशवीत पालथे घातले. त्या छायाताईच होत्या.

घरी त्यांच्या आई, तानुबाई, पडवीत मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि मला डोळ्यांशी धरले.

"कोण गं ही पोरगी?"

"मीच आहे, आई."

"तू नाय ही. तुझ्या हनुवटीवर इळ्याची खूण हाय. मेथी कापताना लागला व्हता, मीच हळद दाबून धरली व्हती." त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. "हिची कुठं गेली?"

छायाताई खाली बसून जुड्या बांधू लागल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी लाज वाटली.

पुढच्या महिन्यात निकिताबाईंचा फोन आला. नाशिकला मासिकातर्फे झाडे लावण्याचा मोठा कार्यक्रम होता, आणि स्टेजवर छायाताई हव्या होत्या. इतक्या वर्षांनी स्टेज! ताईंचा चेहरा उजळला. मग निकिताबाई म्हणाल्या, "तुमची जुनी रेकॉर्ड लावू. तुम्ही फक्त ओठ हलवा."

"आवाज उतरलाय माझा, गेलेला नाही. पट्टी खाली घेते, पण गाते मीच."

"ताई, लोकांचा विरस होईल."

छायाताईंना ते स्टेज किती हवे होते, हे मी जवळून पाहत होतो. "मग राहू द्या," त्या म्हणाल्या.

स्टेज दुसऱ्या कुणाला मिळाले. मंडप बसावा म्हणून तिथल्या दोन बाभळी तोडल्या, असे शेजारच्या कुसाबाई सांगत होत्या. कार्यक्रमाच्या संध्याकाळी छायाताई आईसोबत जुड्या बांधत बसल्या होत्या. बांधता बांधता त्यांनी आपले जुने गाणे धरले, खालच्या पट्टीत, सावकाश. अंतऱ्याला आवाज फाटला. त्या थांबल्या.

"पाणी पी," तानुबाई म्हणाल्या, "आन् पुढचं म्हण. मला आठवंना झालंय ते."

त्यांनी पुढचे म्हटले.

मला नंतर रद्दीत काढले, पण प्लास्टिकच्या थरामुळे रद्दीवाल्यानेही घेतले नाही. मित्रांनो, मी पर्यावरण विशेषांक आहे आणि मी मातीत मिसळणार नाही. या पडवीतली माणसे थकतील, वाकतील. माझ्यावरची पोरगी मात्र तशीच हसत राहील, आणि मला त्याचा फार शीण आला आहे. तुम्हाला काही जपायचे असेल, झाड असो की माणूस, तर ते आहे तसे जपा. वाळलेले पान दिसू द्या, कापरा आवाज ऐकू येऊ द्या. ज्यांना जसेच्या तसे कुणी पाहत नाही, ती जिवंतपणीच माझ्यासारखी नुसते चकचकीत चित्र होऊन राहतात.