व्यंकोजीरावांच्या घरातला टेकू

मला टेकू म्हणतात, मित्रांनो, आणि आता मी बराच जुना झालो आहे. घर बांधताना वरचं ओलं छत खाली येऊ नये म्हणून जी लाकडं उभी करतात, त्यांतला मी एक. छत घट्ट झालं की आम्हाला काढून दुसऱ्या घरी नेतात. त्यामुळे माणसं राहायला आलेलं घर आमच्यापैकी सहसा कुणी पाहिलेलं नसतं. मी पाहिलं आहे. ते कसं, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म आनेकलजवळच्या सुरूच्या बनातला. सरळ वाढलो, म्हणून लवकर तोडला गेलो आणि बैलगाडीतून बेंगळूरला आलो. तिथे कल्लाप्पा मिस्त्रीनं मला निवडलं. तो बेळगावकडचा माणूस. एकाच वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही बोलायचा. टेकू उभा करण्याआधी तो त्यावर तळहातानं थाप मारी आणि कान देऊन आवाज ऐके. माझ्यावर थाप मारली की म्हणे, "सरी." म्हणजे ठीक. एवढं ऐकलं की मला कितीही ओझं घ्यायला हुरूप येई.

पुष्कळ घरं झाली. मग त्रेसष्ट साली आम्ही हेब्बाळच्या तळ्यापलीकडे, येलहंक्याच्या वाटेवर आलो. नोकरीतून निवृत्त झालेल्या लोकांनी मिळून तिथे एक वसाहत उभारायला घेतली होती. सकाळ झाली की मफलर गुंडाळलेली मंडळी छत्र्या घेऊन एकमेकांच्या बांधकामांवर फेरी मारत, भिंतींना छत्रीचं टोक लावून पाहत आणि दुसऱ्याची खिडकी आपल्यापेक्षा मोठी तर नाही ना, याची खात्री करून घेत.

आमचं घर व्यंकोजीरावांचं होतं. ते जन्मभर लहान लहान स्टेशनांवर स्टेशनमास्तर होते, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. दर काही वर्षांनी बदली व्हायची, आणि त्यांच्या पत्नीनं, अंबूबाईंनी, लावलेली झाडं मागे राहायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर दोघं शहरात, बळेपेटेत, माडीवरच्या एका भाड्याच्या खोलीत राहत आणि रोज बसनं येऊन घर किती वर आलं ते पाहून जात.

सिमेंटचा परवाना उशिरा मिळाला, त्यामुळे स्लॅब टाकायला ज्येष्ठ उजाडला. अडचण अशी होती की ज्येष्ठाच्या अखेरीला ठरलेला मुहूर्त चुकला, तर आषाढापासून पुढे चार महिने गृहप्रवेशाला दुसरा मुहूर्त नव्हता. आणि कल्लाप्पानं तर बजावलं होतं, आषाढ लागेपर्यंत टेकूंना हात लावायचा नाही.

स्लॅबच्या दिवशी कामावरची मजूर गंगव्वा आणि तिच्या सोबतिणी रांगेनं घमेली वर देत होत्या. दुपारपर्यंत सगळा भार आमच्यावर आला. माझ्या पायाखालची पाचर करकरली आणि मी श्वास धरल्यासारखा उभा राहिलो. मास्तर दिवसभर उन्हात उभे होते. सावलीत बसा म्हणून अंबूबाई सांगून थकल्या.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई एकट्याच आल्या. माझ्या पायाशी बसून त्यांनी गंगव्वाला सांगितलं, की काल घरी जिना चढताना मास्तरांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिना चढायचा नाही आणि उतरायचाही नाही. नाहीतर पुढे काय होईल, ते डॉक्टर बोलले नव्हते. अंबूबाईंनीही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून घर पाहायचं काम त्यांच्याकडे आलं. छतावर पाणी साठवलंय का, चौकटी आल्या का, ओट्याचा दगड कोणत्या बाजूला लावला, हे सगळं त्या नीट बघून जात आणि पलंगावरच्या माणसाला सांगत. पुढे मास्तरांचे बाकीचे प्रश्न कमी झाले. ते एवढंच विचारू लागले, की टेकू निघाले का. अंबूबाईंना रोज 'नाही' म्हणवेना. एके दिवशी त्या बोलून गेल्या, "निघतील आता."

त्या शब्दांवर मास्तर उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाई आषाढात एखादा मुहूर्त निघतो का ते विचारायला भटजींकडे गेल्या होत्या. तेवढ्यात मास्तर जिना उतरले, जटका, म्हणजे तिकडचा टांगा, केला आणि थेट आमच्या दारात येऊन उतरले. चेहरा राखेसारखा झाला होता. कल्लाप्पानं धावत जाऊन त्यांना उंबऱ्याच्या दगडावर बसवलं.

टेकू अजून जिथल्या तिथे होते. मास्तरांनी आमच्यावरून नजर फिरवली. मग त्यांनी कल्लाप्पाला सांगितलं, की निदान या एका खोलीतले तरी काढ, मला माझ्या घरात पाऊल टाकायचं आहे.

"मास्तर, स्वल्प थांबा की. आतनं ओलं हाय अजून," कल्लाप्पा म्हणाला.

"तुझ्या छताकडे दिवस आहेत, कल्लाप्पा. माझ्याकडे किती आहेत ते सांगतोस?"

आजारी माणसानं हात जोडले होते. त्यानं गंगव्वाला खोलीबाहेर जायला सांगितलं, हातोडी उचलली आणि स्वतः छताखाली आला.

भिंतीलगतचा पहिला टेकू निघाला. काही झालं नाही. दुसरा माझ्या शेजारचा होता. त्याची पाचर उडाली तशी वरची फळी बोटभर खाली बसली. कल्लाप्पाच्या खांद्यावर वाळू सांडली. शेजाऱ्याचा भार माझ्यावर आला आणि माझं अंग मध्यावर तडकलं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. कल्लाप्पा हातोडी तशीच धरून वर बघत उभा राहिला.

"काढ," उंबऱ्यावरून मास्तर म्हणाले.

कल्लाप्पानं हातोडी उचलली, खाली घेतली, पुन्हा उचलली. तेवढ्यात अंबूबाई आल्या. घरी रिकामा पलंग पाहून त्या तशाच निघाल्या होत्या. बस थांबते तिथून धावत आल्या असाव्यात, कारण तुटलेली एक चप्पल त्यांच्या हातात होती. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि सरळ आत येऊन माझ्यावर हात ठेवला. माझं अंग थरथरत होतं. त्यांच्या तळव्याला ते कळलं असावं.

"कल्लाप्पा, काढलेत ते परत उभे करा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पण टेकू उभे राहून पाचरी ठोकून होईपर्यंत त्या छताखालून हलल्याही नाहीत.

मग त्या मास्तरांजवळ जाऊन बसल्या.

"अहो, पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय तुम्ही कधी गाडी सोडली होती?"

"नाही सोडली," मास्तर म्हणाले. "पण अंबू, लाइन क्लिअर मिळेपर्यंत मीच नसलो तर?"

आजारपण सुरू झाल्यापासून ही गोष्ट त्या दोघांत कुणी उच्चारली नव्हती. अंबूबाईंनी चप्पल खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. त्या आमच्याकडे, त्या खोलीभर उभ्या असलेल्या लाकडांकडे, पाहत राहिल्या.

"भटजी म्हणाले, आषाढात काही निघत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "तेव्हा ठरलेला मुहूर्त चुकवायचा नाही. टेकूही काढायचे नाहीत. आपण यांच्यामधूनच आत जाऊ."

कल्लाप्पाला आधी ते समजलं नाही. समजलं तेव्हा तो मान हलवून म्हणाला, दार तेवढं मी बसवून देतो.

आता मास्तरांना पुन्हा माडीवर चढवायचं कसं, हा प्रश्न होता. वसाहतीचे चिटणीस मुकुंदराव समोरच राहत. अपुऱ्या घरात राहायला वसाहतीच्या नियमांत परवानगी नाही, असं त्यांनी अंबूबाईंना स्पष्ट सांगितलं. तेवढं सांगून झाल्यावर ते घरी गेले आणि मास्तरांसाठी आपल्या ओसरीवर अंथरूण घातलं. मुहूर्तापर्यंत मास्तर तिथेच होते.

मित्रांनो, गृहप्रवेशाला लोक दारात तोरण बांधतात, तसं ते इथेही बांधलं होतं. आत मात्र लाकडांचं रान. वसाहतीतली सगळी म्हातारी माणसं वाकत, अंग चोरत आमच्यामधून आली. मुकुंदरावांचं कपाळ आडव्या बांबूवर आपटलं, आणि 'ही नियम मोडल्याची शिक्षा,' असं म्हणत ते स्वतःच हसले. दूध उतू गेलं तेव्हा अंबूबाई दुधाकडे बघत नव्हत्या. त्यांचे डोळे छताच्या कोपऱ्याकडे होते, जिथली फळी बोटभर खाली बसली होती.

मास्तरांची खाट आम्हा चौघा टेकूंमध्ये टाकली. मग पाऊस लागला. छताच्या एका जागी ओल धरली आणि तिथून थेंब पडू लागले. अंबूबाईंनी खाली पातेलं ठेवलं. थेंबाचा आवाज बदलला तरी त्या हातातलं काम टाकून येत. सकाळी उठल्या की आधी मास्तरांच्या छातीवर हात ठेवून बघत आणि मग माझ्यावर. दोघं शाबूत आहेत असं वाटलं, की चूल पेटवत. कल्लाप्पा येऊन माझा तडा तपासून जाई. त्यानं तिथे काथ्या आवळून बांधला होता.

थोडं थोडं चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मास्तर खाटेवरून उठत, जवळचा टेकू धरत, मग माझ्यापर्यंत येत, जरा थांबत, आणि पुढच्याला धरून दारापर्यंत जात. तिथे चौकटीला टेकून ते येलहंक्याकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकत आणि ती वेळेवर आहे की नाही ते अंबूबाईंना सांगत. माझ्याजवळ थांबले की त्यांची सगळी बोटं माझ्याभोवती घट्ट होत. छताचं वजन मी ओळखत होतो. या हाताचं वजन वेगळं होतं. ते सकाळी जास्त असे आणि संध्याकाळी कमी, आणि ते किती असेल याचा मला कधी अंदाज आला नाही.

आषाढ लागला. कल्लाप्पा हातोडी घेऊन आला. अंबूबाईंनी मास्तरांना समोरच्या दगडी बाकावर बसवलं आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. पहिली पाचर उडाली. मग दुसरी. दर वेळी त्या चौकटीला धरत आणि दर वेळी वर बघत. माझ्या शेजारचा निघाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. फळी हलली नाही. शेवटी मी राहिलो. कल्लाप्पानं थाप मारली, पाचर काढली, आणि माझ्या डोक्यावरचा भार गेला. वरून वाळूचा कणही पडला नाही.

मग फळ्याही उतरवल्या. खोली केवढी मोठी आहे, ते तेव्हा दिसलं.

मास्तर आत आले. आनंदाच्या भरात त्यांनी कुणाचा हात धरला नाही. खाटेकडे निघाले, आणि सवयीनं मी उभा होतो तिकडे हात पुढे केला. तिथे काहीच नव्हतं. त्यांचा तोल गेला. अंबूबाईंनी त्यांना सावरलं. ते ओशाळून हसले, पण हात अजून हवेत काहीतरी शोधत होता.

मी तोवर कल्लाप्पाच्या खांद्यावर होतो, गाडीत चढणार होतो.

"कल्लाप्पा, तेवढा एक राहू द्या," अंबूबाई म्हणाल्या.

"अक्का, छताला आता काही लागत नाही. मी सांगतो की."

"छताला नाही लागत."

कल्लाप्पानं वळून मास्तरांकडे पाहिलं. मग त्यानं मला परत आत नेलं आणि होतो त्याच जागी पाचरी ठोकून उभं केलं. हाताला कुसळ लागू नये म्हणून काचेनं खरवडलं. गंगव्वानं एरंडेल चोळलं.

लोकांना ते विचित्र वाटे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारी, छताला काही झालंय का. वसाहतीचं नाव खराब होतं म्हणून मुकुंदराव कुरकुरत. मास्तर मात्र सगळ्यांना एकच सांगत, "छत ठीक आहे. हा माझा आहे."

डॉक्टरांनी जे सांगायचं टाळलं होतं, ते झालं नाही असं नाही. पण पुष्कळ उशिरा झालं. मधल्या वर्षांत मास्तरांनी वसाहतीतलं जवळपास प्रत्येक घर पुरं झालेलं पाहिलं. एका थंडीत ते गेले. त्यानंतर खोलीत मला कुणी धरेना. माझ्यावर धूळ बसली. पुढे अंबूबाईंनी मला मागच्या अंगणात रोवलं आणि माझ्यावर सीमेबदन्याचा, म्हणजे पेरूएवढ्या फिकट हिरव्या फळभाजीचा, वेल चढवला. त्याला पुष्कळ फळं लागतात. आता माझ्या बुडाला वाळवी लागली आहे. कुणी डांबर लावलं तर अजून काही वर्षं निभतील.

पण माझी खरी विनंती स्वतःसाठी नाही, मित्रांनो. तुमच्या घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असेल, तर ते खाटेवरून दारापर्यंत कसं जातं, ते एकदा नीट बघा. वाटेत ते कशाला तरी हात टेकत असेल. एखादी मोडकी खुर्ची असेल, रिकामं पिंप असेल, नाहीतर माझ्यासारखं लाकूड. सणासुदीला घर आवराल तेव्हा बाकी काय हवं ते हलवा. तेवढी एक वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्या.